परसातली कोंबडी: पैसा कुठे जातो, कुठे घालावा

माणदेशातल्या म्हसवड, दिघंची, वरकुटे-म्हसवड या पट्ट्यात कोणी कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पिल्लू कितीला मिळतं? लगेच दुसरा: अंडं कितीला जातं? या दोन भावांचा गुणाकार करून कोंबड्या घरी येतात. मग एक फेरी मुंगसाची, एक आठवडा मानमोडीच्या साथीचा, वैशाखातली एक दुपार, आणि डझनातल्या चार-पाच उरतात. घरचे म्हणतात, कोंबड्यांत काही राम नाही. माझं म्हणणं उलट आहे. कोंबडी परवडते, कोंबडीचं मरण परवडत नाही. पिल्लाच्या आणि खाद्याच्या भावात दोन रुपये वाचवण्यापेक्षा मरतूक रोखण्यावर दोनशे रुपये जास्त घातलेले बरे. पुढचा सगळा हिशेब त्यासाठीच मांडला आहे.

एक खुलासा आधी करते. इथले भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. भाव आठवड्याला हलतात आणि गावागणिक वेगळे असतात, म्हणून आपल्या बाजारातला आकडा घालून गणित पुन्हा करावं. गणिताची रीत मात्र तीच राहते.

किती आणि कोणत्या

सुरुवात बारा तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि दोन नरांनी करावी. एवढ्या पाखरांना घरचं खरकटं, निवडलेल्या धान्याची घाण, गोठ्याकडेचे किडे पुरेसा हातभार लावतात आणि एका बाईला घरकाम सांभाळून त्यांच्याकडे बघता येतं. फक्त खाण्यापुरती अंडी हवी असतील तर नराचीही गरज नाही. नर नसला तरी कोंबडी अंडी देते, ती उबत नाहीत एवढंच. म्हसवड शहरात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. तिथे पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा नर न ठेवणं शहाणपणाचं.

जातीचं म्हणाल तर अस्सल गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पण ती खुडूक बसते, पिल्लं काढते, घारीची सावली दिसली की पंखाखाली घेते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती परसात नीट ठेवल्या तर शंभर-सव्वाशेच्या घरात अंडी देतात आणि नर लवकर वजन धरतात. ग्रामप्रियाची अंडी त्याहून जास्त, पण तिला वरचं खाद्यही तसंच लागतं. या सुधारित कोंबड्या अंड्यांवर बसायला नाखूश असतात. म्हणून दहा सुधारित आणि दोन गावरान असा मेळ बसवावा. सुधारित कोंबडीची अंडी गावरान खुडकीखाली ठेवली की २१ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पुढच्या पिढीत आईचे सगळे गुण उतरतीलच असं नाही, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी नवं रक्त आणावंच लागतं.

कडकनाथबद्दल लोक अजून विचारतात. तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा पक्षी. त्याच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी काटक आहे, पण अंडी कमी देतो आणि गिऱ्हाईक ठरावीक. २०१९ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात, कडकनाथची पिल्लं द्यायची आणि अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घ्यायचे अशी एक योजना कोसळली. शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. कंपनीने माल उचलणं थांबवलं तेव्हा दारात भुकेल्या कोंबड्या आणि हातात खाद्याची उधारी, एवढंच उरलं. त्यातून एक नियम घ्यावा: जी अंडी आपल्या गल्लीत आणि आठवडी बाजारात विकली जाणार नाहीत, ती कोणाच्या करारावर विसंबून काढू नयेत.

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त पडतं म्हणून भुलू नये. पहिल्या आठवड्यात त्याला जवळजवळ ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यावी लागते. आईविना ती ऊब बल्बने द्यायची आणि रात्री वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरायची. नवख्याने आठ-दहा आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा घ्याव्यात. २५० रुपयांना एक धरली तर चौदा पक्ष्यांचे ३,५०० रुपये. मोटारसायकलला जाळ्या बांधून दारावर येणाऱ्याकडून ‘गिरिराज’ म्हणून घेतलेली पिल्लं पुष्कळदा अंड्याच्या जातीतले टाकून दिलेले नर असतात. वजन धरत नाहीत, अंडी तर नाहीतच. उबवणी केंद्राची पावती आणि कोणती लस कधी दिली याची नोंद मागावी. नोंद दाखवता येत नसेल तर पक्षी घेऊ नये.

खुराडं: इथे हात आखडू नका

चौदा पक्ष्यांना रात्रीपुरती चार बाय पाच फुटांची जागा पुरते. खुराडं जमिनीपासून दोन फूट उचललेलं असावं, म्हणजे खाली हवा खेळते, विष्ठा गोळा करता येते आणि साप सहजी शिरत नाही. खरा पैसा जाळीत घालावा. षटकोनी पातळ जाळी कुत्रं दातांनी फाडतं, आणि तिच्या भोकांतून मुंगसाचं पिल्लू जातं. अर्धा इंची वेल्डमेशच घ्यावी. दाराला वरून आणि खालून अशा दोन कड्या हव्यात. नुसत्या एका खिट्टीचं दार कुत्रं नाकाने ढकलून उघडतं. मुंगूस एका फेरीत एक कोंबडी नेऊन थांबत नाही, सापडतील तितक्यांच्या माना फोडतं. दाराच्या त्या दुसऱ्या कडीची किंमत चाळीस-पन्नास रुपये असते.

वर नुसता पत्रा टाकला तर आपल्याकडच्या एप्रिलमध्ये खुराड्याची भट्टी होते. पत्र्यावर कडब्याचा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर बांधावा आणि खुराडं लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या सावलीला ठेवावं. लांब बाजू पूर्व-पश्चिम केली की ऊन थेट आत येत नाही. आत बसायला दोन आडव्या काठ्या द्याव्यात. कोपऱ्यात अंड्यांसाठी भुसा घातलेल्या दोन टोपल्या ठेवाव्यात. गावातल्या वेल्डरकडून अँगल आणि जाळीचं असं खुराडं ५,५०० रुपयांपर्यंत बसेल असं धरू. जुन्या पलंगाचा सांगाडा, पडीक दार असं काही घरात असेल तर खर्च निम्म्यावर येतो. जाळी मात्र नवीच घ्यावी.

लाकडी खुराड्यात एक जास्तीचं दुखणं असतं. फटींमध्ये गोचिडी राहतात, दिवसा दिसत नाहीत, रात्री रक्त पितात. कोंबडी सुकत जाते आणि कारण कळत नाही. रात्री टॉर्च घेऊन फटी बघाव्यात, वर्षातून दोन-तीनदा चुना फासावा, आणि अंगणात एका खड्ड्यात चुलीची राख आणि माती मिसळून ठेवावी. कोंबड्या त्यात लोळून स्वतःच उवा झाडतात.

खाद्याची दोन भांडी आणि पाण्याचे दोन माठ ६०० रुपयांत होतील. म्हणजे पक्षी, खुराडं, भांडी मिळून भांडवल ९,६०० रुपये.

रोजचं खाद्य

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला वरून दिवसाला साधारण ५० ग्रॅम द्यावं लागतं. चौदा पक्ष्यांचे ७०० ग्रॅम, महिन्याचे २१ किलो. घरी मिसळायचं तर दहा किलोला सहा किलो बाजरी-मक्याचा भरडा, दोन किलो शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, दीड किलो गव्हाचा कोंडा आणि अर्धा किलो शिंपल्याचा चुरा. अंड्यावरच्या कोंबडीला लागणारी सोळा-सतरा टक्के प्रथिनं यात येतात. बाजरी माणदेशाची, त्यामुळे ती बाहेरून आणावी लागत नाही. भरडा २५ रुपये आणि पेंड ५० रुपये किलो धरली तर मिश्रण २८ रुपयांच्या आसपास पडतं. महिन्याचा खर्च ५८८, म्हणजे सहाशे रुपये. याच कोंबड्या पूर्ण कोंडून ठेवल्या तर प्रत्येकीला ११० ग्रॅम लागतं. ते ४६ किलो आणि तेही विकतचं, ३८ रुपये किलोचं खाद्य घातलं की महिन्याला साडेसतराशे रुपये होतात. परसातल्या कोंबडीचा नफा तिच्या पायांत आहे. ती फिरते म्हणून परवडते.

पेंड आणि मका घेताना हातात घेऊन नाकाला लावावा. कुबट वास, हिरवट-काळी बुरशी दिसली तर फुकट मिळाली तरी आणू नये. त्या बुरशीचं विष कोंबडीचं काळीज खातं, अंडी घटतात, लस टोचलेली असूनही अंगी लागत नाही. पावसाळ्यात महिन्याचं खाद्य एकदम मिसळून ठेवण्यापेक्षा आठवड्याचं मिसळावं.

पाण्याचा हिशेब आपल्या भागात वेगळा मांडावा लागतो. सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या, टँकर पाहिलेल्या गावांत लोक आधी पाण्याचंच विचारतात. कोंबडीला एरवी पाव लिटर, कडक उन्हाळ्यात अर्धा लिटर पाणी लागतं. चौदा पक्ष्यांना सात लिटर, म्हणजे एका शेळीपुरतं. पाणी थोडं आहे, पण ते दिवसभर हजर असावं लागतं. दुपारी दोन तास माठ कोरडा राहिला तर दुसऱ्या दिवशी अंडी कमी होतात, आणि पारा चाळिशीपलीकडे असेल तर संध्याकाळी एखादी आडवी पडलेली सापडते. चैत्र-वैशाखात खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावं, दुपारी पोट भरलेली कोंबडी उन्हाने लवकर मरते. पंख पसरून, चोच उघडून धापा टाकायला लागली की सावलीत गार पाणी द्यावं, त्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालावं. खुराड्याभोवती ओलं पोतं टांगावं.

लस

कोंबड्यांच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी गोष्ट म्हणजे लस. मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, औषध नाही. मान वळते, हिरवट-पांढरी हगवण लागते, पंख पडतात आणि चार दिवसांत परडं रिकामं होतं. उपाय आधीच करावा लागतो. लासोटाचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी, दुसरा चौथ्या आठवड्याच्या शेवटी. गंबोरोची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या आठवड्यानंतर राणीखेतचीच आर-टू-बी ही टोचायची लस, तीही आधी लासोटा झालेल्या पक्ष्यालाच. टोचणी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाकडून करून घ्यावी. पुन्हा कधी टोचायची आणि जंताचं औषध किती अंतराने द्यायचं हे त्यांनाच विचारावं.

अडचण पैशाची नाही, कुपीची आहे. लासोटाची लहानात लहान कुपी बहुधा शंभर डोसांची असते. ती एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली उद्याला चालत नाही. चौदा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून कोणीच फोडत नाही. सात घरांनी चौदा-चौदा कोंबड्यांसाठी एक कुपी आणली तर ९८ डोस कामी येतात. दीडशे रुपयांची कुपी धरली तर घरटी एकवीस-बावीस रुपये. वस्तीवर बचत गट असेल तर त्याच्या बैठकीतच दिवस ठरवावा.

कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची, दोन ते आठ अंशांच्या वर ती जाता कामा नये. उन्हात सायकलच्या हँडलला लटकवून आणलेल्या लशीचं पाणी झालेलं असतं, आणि मग ‘लस दिली तरी मेल्या’ अशी ओरड होते. काम सांजेला करावं. ज्या घरी थेंब द्यायचा तिथे दुपारीच निरोप धाडावा: ‘आक्का, सांच्याला औषध आणतोय, कोंबड्या बाहेर सोडू नगा.’ कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकीने एकेक बाहेर काढायची, मांडीवर धरून मान एका बाजूला कलती करायची. दुसरीने डोळ्यात एकच थेंब सोडायचा. कोंबडीने पापणी मिटून उघडेपर्यंत थांबायचं, मगच तिला डालग्याखाली टाकायचं, म्हणजे थेंब झालेल्या आणि राहिलेल्या एकत्र होत नाहीत. घाईत डोळ्याच्या कडेवरून ओघळलेला थेंब धरायचा नाही, परत द्यायचा. आजारी, मलूल पक्षी बाजूला ठेवायचा.

लशी, जंताचं औषध, येणं-जाणं मिळून महिन्याला सरासरी शंभर रुपये धरले. खाद्यासह महिना सातशे, वर्षाचे ८,४००.

हिशेब जुळतो का

आठ-दहा आठवड्यांची तलंग अंड्यावर यायला साडेतीन-चार महिने जातात. त्या काळात एकही अंडं नाही, खर्च मात्र चालू. भांडवल ९,६०० आणि चार महिन्यांचे २,८०० मिळून १२,४०० रुपये हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये. मध्येच पैसा आटला की पहिली काटछाट पेंडीत होते आणि तिथून अंडी घसरतात.

अंड्यावर आल्यानंतरचं पहिलं पुरतं वर्ष घ्या. बारा कोंबड्या, प्रत्येकी १२० अंडी, एकूण १,४४०. बारा रुपयांना एक धरलं तर १७,२८० रुपये. वर्षाचा खर्च ८,४०० वजा करता ८,८८० उरतात. मेळात दोन गावरान असतील तर अंडी थोडी कमी, पण त्यांच्या पिल्लांनी ती भरून निघतात. यातली निम्मी अंडी घरात खाल्ली तरी ती कमाईच आहे, पोरांच्या ताटात पडलेली.

आता बारातल्या तीन मेल्या असं धरा. अंड्यांचे ४,३२० गेले, पाचशेच्या भावाने पक्ष्यांचे १,५०० गेले, त्यांचं खाद्य वाचलं सुमारे १,५००. निव्वळ तोटा ४,३०० च्या घरात. हा वर्षाच्या नफ्याचा जवळजवळ निम्मा वाटा आहे, आणि वर्षभराच्या औषधांचा खर्च जेमतेम बाराशे. म्हणून जाळी आणि लस यांवर घासाघीस नको.

हिशेब वहीत लिहावा, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी ठेवावा. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची गोष्ट इथल्या प्रत्येकीला ठाऊक असते. संस्थापक सदस्य बायका निरक्षर म्हणून बँकेचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्यांनी पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं की कोणत्याही मुदलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली बँक उभी राहिली. ज्या गावात असा हिशेब होतो, तिथे अंड्यांचा हिशेब अवघड जायचं कारण नाही. अंड्यांचे पैसे घरखर्चाच्या डब्यात मिसळू नयेत, वेगळे ठेवावेत. पुढच्या तलंगा त्यातूनच याव्यात.

सरकारी मदत आणि साथ

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट निम्म्या अनुदानावर मिळतो. गटाची किंमत १०,८४० धरून ५,४२० रुपये अनुदान अशी त्याची मांडणी आहे. माण तालुक्यासाठी दहिवडीच्या पंचायत समितीत, आटपाडीकरांनी आपल्या पंचायत समितीत पशुसंवर्धन विभागाकडे चौकशी करावी आणि चालू वर्षाची रक्कम व मुदत विचारून घ्यावी. अनुदानाचे पक्षी येण्याआधी खुराडं तयार असलं पाहिजे. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं मोठं अनुदान हजार पक्ष्यांच्या प्रकल्पासाठी असतं, परसातल्या कोंबड्यांशी त्याचा संबंध नाही.

एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावं. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा माणगंगेच्या पात्रात फेकू नये, चुना टाकून खोल पुरावी. आजारी कोंबड्या घाईने बाजारात काढणं म्हणजे रोग दुसऱ्याच्या परड्यात पोचवणं. बर्ड फ्लू आपल्या राज्याने पहिल्यांदा २००६ साली नवापुरात पाहिला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात. अशा वेळी बाधित जागेभोवतीच्या पक्ष्यांची विल्हेवाट लावली जाते. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे उशिरा कळवणाऱ्याचं नुकसान दुहेरी.

केव्हा घ्यावं, केव्हा विकावं

तलंगा दिवाळीनंतर घ्याव्यात. थंडीत त्या रुळतात आणि उन्हाळ्याआधी अंड्यावर येतात. खुडकीखाली अंडी ठेवायची तीही कार्तिक ते माघ. दहा-बारा ताजी, मध्यम आकाराची निवडावीत. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघावीत, आत लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ते अंडं काढून टाकावं. वैशाखात ठेवलेली अंडी निम्मीही उबत नाहीत.

नर विकायचे आखाडात. श्रावण लागला की गिऱ्हाईक बसतं, नवरात्रातही तसंच. माघात निघालेल्या सुधारित जातीच्या पिल्लांतले नर आखाडापर्यंत दीड-दोन किलोंचे होतात, गावरानाला आणखी दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात गावोगावच्या जत्रा असतातच, तिथे रंगीत, तुऱ्याच्या नराला वजनापेक्षा रूपावर भाव येतो. कोंबडी दोन वर्षांची झाली की अंडी घटतात. तिला माया म्हणून ठेवायचं तर ठेवावं, पण खर्चाच्या वहीत तिची नोंद वेगळी करावी. विकायची असेल तर तीही आखाडातच, आणि तिच्या जागी यायची तलंग त्याच पैशांतून दिवाळीनंतरसाठी सांगून ठेवावी.